गूजला आवाज कसा द्यायचा, अन् कधी गप बसायचं

मागच्या दिवाळीत पैठणला बहिणीकडं गेलो तेव्हा माझ्या बॅगेतून चार-पाच इंचाची एक काळी नळी भाच्याच्या हाताला लागली. पोरगं लगेच तोंडाला लावून मोकळं. गाल फुगवून अशी फुंकली की गोठ्यातली म्हैस दावं ताणून उभी राहिली अन् त्या दिवशी तिनं पान्हा चोरला तो चोरलाच. बहीण अजून ऐकवतीय. भाचा म्हणाला, "मामा, कसली बेकार पिपाणी हाय ही, जत्रेतली दहा रुपयाची बरी वाजती." तर ही पिपाणी नाही, हा गूज कॉल आहे. गूज म्हणजे इंग्रजीत हंस, अन् त्याचा आवाज काढून त्याला बोलवायची ही नळी. मी अमेरिकेत मिनेसोटाच्या रॉचेस्टर गावात नोकरीला होतो तिथं शिकलो. तेव्हापासून भाच्यासकट चार-पाच जणांनी विचारलं की ह्याच्यानं रानातले हंस खरंच येतात का अन् वाजवायचं कसं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हे जे शिकारीचं सांगायलोय ते तिकडचं, कॅनडा गूज नावाच्या तिथल्या रानहंसाचं. तिकडं लायसन काढून, ठरलेल्या सीझनमध्ये, दिवसाला इतकेच पक्षी ह्या हिशोबानं शिकार चालते. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा सरळ गुन्हा आहे, अन् नुसती गोळी घालणंच नाही, त्यासाठी हाकारणं, आमिष दाखवणं हे पण त्याच कायद्यात शिकारीतच मोजतात. त्यामुळं नाथसागरावर, म्हणजे आपल्या जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, कॉल घेऊन जायचं नाही. तिथं काय करायचं ते पुढं सांगतो, कारण खरं शिक्षण तिथंच आहे.

मी स्वतः बंदूक कधी धरली नाही. माझा घरमालक म्हातारा, शेतकरीच, त्याला शेजारी झोपून कॉल वाजवणारा माणूस पाहिजे होता. मला वाटलं आपण नुसती पिपाणी वाजवणार, आपल्याला कशाला कागदपत्रं, पण त्यानं पहिल्या दिवशीच राज्याचं लायसन काढायला लावलं, अन् वर १९३४ पासून चालू असलेला तो फेडरल डक स्टॅम्प, म्हणजे पाणपाखरांच्या शिकारीसाठी केंद्र सरकारचं तिकीट, ते पण. म्हणला पाखरू बोलावणारा पण शिकारीच असतो. पटलं मला.

गंमत बघा, आपण सगळी पाखरं हाकलणारी माणसं. लहानपणी हुरड्याच्या दिवसात माचणावर बसून गोफण फिरवायची अन् घसा फोडून ओरडायचं, ज्वारीवर पाखरू टेकलं नाही पाहिजे. बुजगावणं पण त्यासाठीच. अन् तिकडं बघतो तर कापलेल्या मक्याच्या रानात हा बाबा प्लास्टिकचे हंस मांडायलाय, पाखरानं यावं म्हणून! उलटं बुजगावणं. त्याला डिकॉय म्हणतात. डिकॉय लांबून डोळ्याला दिसतो अन् कॉल कानाला सांगतो की इथं मंडळी निवांत चरायलीत, या. दोन्हीत एक जरी खोटं वाटलं की थवा वळला.

आता वस्तू. बाजारात मुख्य दोन जाती, फ्लूट अन् शॉर्ट रीड. फ्लूट लांबडा, सोपा, चुका पोटात घालतो, पण आवाज मोजकेच निघतात. शॉर्ट रीड आखूड, पहिले पंधरा दिवस रडवतो, पण एकदा हातात बसला की गूजच्या तोंडातला जवळपास सगळा आवाज त्यातून निघतो. शिकायचंच असलं तर शॉर्ट रीडच घ्या, अन् पॉलीकार्बोनेटचा स्वस्तातला घ्या. शंभर-दीडशे डॉलरचा चकचकीत अॅक्रिलिकचा घेऊन पण सुरुवातीला आवाज तोच निघणार आहे, म्हशीला पळवणारा. आतली रचना साधी: तोंड लावायचा भाग बॅरल, खालचा निमुळता भाग इन्सर्ट, अन् इन्सर्टच्या आतल्या टोकाला एक नाली कोरलेला तुकडा, त्यावर मायलर प्लास्टिकची पातळ पट्टी म्हणजे रीड, पाचरीनं दाबून बसवलेली. सनईला पत्ती असती तसंच, फक्त इथं पत्ती एकच अन् ती आत लपलेली. खेळ सगळा त्या पट्टीचा. ती नुसती थरथरली की खालचा जाड सूर, अन् दाब वाढून ती एकदम उलटली की वरचा बारीक सूर. ह्या उलटण्याला तिकडं ब्रेक म्हणतात. गूजचा जो ओळखीचा होंक आहे ना, तो म्हणजे खालचा सूर, मग ब्रेक, मग वरचा सूर. हे तीन नीट जमले की निम्मं काम झालं.

धरायचं कसं. ही नळी बिडीसारखी ओठात घालायची नाही. बाटलीला तोंड लावून पाणी पितो तसे ओठ बॅरलच्या तोंडावर टेकवायचे, कडेनं हवा गळली नाही पाहिजे. हात? गावातले म्हातारे चिलीम कशी धरायचे आठवा. डाव्या हाताचा अंगठा अन् पहिलं बोट इन्सर्टच्या टोकाभोवती, बाकीची बोटं मिटून पोकळ मूठ, वरून उजवा हात आधाराला. ही मूठ कामाची आहे हं, शोभेची नाही. मूठ मिटलेली असली की हवा आत कोंडते, त्या कोंडलेल्या हवेच्या दाबावर खालचा सूर धरता येतो, अन् ब्रेकच्या वेळी मूठ जराशी उघडायची. मी पहिला महिना हात नुसताच ठेवायचो, मग आवाज यायचा कोरडा, पत्र्याच्या डब्यासारखा. म्हाताऱ्यानं माझी बोटं धरून एकेक मिटवली तेव्हा कुठं कळलं.

अन् हवा. सगळ्यांची गाडी इथंच अडकते, भाच्याची पण. मेणबत्ती विझवतो तशी फुंकर घालायची नाही, गाल फुगवायचे नाहीत. चष्मा पुसताना काचेवर 'हाऽऽ' करून वाफ सोडतो ना, तसली गरम हवा, पोटातून. हात पोटावर ठेवून बघा, पोट आत ढकललं जात नसलं तर तुम्ही गालानंच वाजवायलात. पहिला आठवडा बाकी काही नाही, गरम हवेनं फक्त खालचा सूर, 'गूऽऽ', लांब, स्थिर, न डगमगता. जीभ खाली पाडलेली. बोर होतं मान्य आहे, पण हा सूर हलला तर पुढचं सगळं हलतं.

मग ब्रेक. तोंडातल्या तोंडात म्हणायचं 'गू-इक्'. 'गू' म्हणताना जीभ खाली आहे, 'इ' म्हणताना ती आपोआप वर टाळूकडं जाते, वाट अरुंद होते, हवेचा जोर वाढतो अन् पट्टी उलटते. मुद्दाम जोरात फुंकायची गरज नाही, जीभच करते काम, वर पोटाचा एक छोटा धक्का द्यायचा. उसासा टाकताना मधेच उचकी लागावी तसं. सुरुवातीला 'गू' अन् 'इक्' च्या मधे घरघर येते, कधी नुसतंच किंचाळतं. हळू करा. मला अकरा-बारा दिवस लागले अन् ज्या दिवशी जमलं त्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडीच्या काचा लावून एकटाच दीड तास वाजवत बसलो होतो. गाडीत सराव करणं तिकडं सगळेच करतात, बायकोचं डोकं उठत नाही. आपल्याकडं शेतातली मोटारीची खोली आहेच. फक्त एवढंच की बंद जागेत आवाज भरदार लागतो, आपल्याला वाटतं झालो उस्ताद. अधूनमधून बांधावर उभं राहून, समोरच्या माणसाला दोनशे पावलं लांब पाठवून ऐकवत जा, तो खरं सांगतो.

ब्रेक आला की बाकीचे शब्द त्यातूनच निघतात. होंकला आखूड केलं, 'ग्विक्', शेवटी हवा कापून टाकली, की क्लक. दिवसभर जास्त वापर ह्याचाच. दोन क्लक पाठोपाठ, पहिला सोडता सोडता दुसरा, म्हणजे डबल क्लक, त्यानं एकटा माणूस तीन-चार पाखरांसारखा ऐकू येतो. ब्रेक न करता नुसता खालचा सूर हळू वरखाली डोलवला की मोन, पोट भरलेलं जनावर कसं कण्हतं तसा निवांत. त्याच्याही खाली घशातून गुरगुर मिसळली, म्हणजे खरोखर आपला आवाज आत सोडला, की मर्मर. चरणाऱ्या थव्यातून हा सारखा येत असतो, आपल्याकडं पंगतीत जेवताना कसं सगळं मिळून एक गूंऽऽ चाललेलं असतं तसं. अन् एक कमबॅक, लांब ओढलेला, घाईचा, गयावया करणारा होंक, 'अरे कुठं चाललात, माघारी फिरा' असा. शेवटचा ले-डाउन, थवा अगदी उतरायच्या बेतात असताना द्यायचे भराभर खालचे मोन.

एवढे आवाज आले की माणसाला वाटतं आता झालं. माझंही तसंच झालं.

सप्टेंबरातली सकाळ, मक्याचं कापलेलं रान, आम्ही धसकटात आडवे. अंगावर ब्लाइंड, म्हणजे झोपायची तंबूवजा पेटी, तिच्यावर धसकटं खोवलेली. वारा पाठीकडून, समोर डिकॉय इंग्रजी यू सारखे मांडलेले अन् मधे मोकळी जागा. हे असं का, तर गूज उतरतो वाऱ्याच्या तोंडाला. उपणायला उभं राहताना आपण वारा बघतो तसाच इथं पण आधी वारा बघायचा, कारण वारा पाठीवर असला की पाखरू सरळ तुमच्याकडं तोंड करून त्या मोकळ्या जागेत उतरतं. जागा भरून टाकली तर ते बाहेर उतरतं नाहीतर उतरतच नाही. तर सूर्य उगवायच्या जरा आधी लांबून होंक ऐकू आले. मी तीन-चार जोरदार होंक दिले. थवा वळला! वीस-पंचवीस असतील. मला एवढा आनंद झाला की मी थांबलोच नाही, होंक, क्लक, डबल क्लक, मोन, शिकलेलं सगळं ओतलं. थवा सरळ येत होता, पंख मारायचे थांबले होते, मी वाजवतोच आहे. अन् साधारण शंभर मीटरवर पुढचं पाखरू अचानक डावीकडं कललं, बाकीचे त्याच्या मागं, अन् गेले. म्हातारा पेटीतून उठला पण नाही. म्हणला, "ते जेवायलाच येत होते. तू दारात उभा राहून आरडाओरडा करायला लागलास."

तेव्हापासून जे शिकलो ते असं. कॉल हा पाखराकडं बघून द्यायचा, घड्याळाकडं किंवा आपल्या हौसेकडं बघून नाही. पाखराचं तोंड तुमच्याकडं असलं अन् ते येतच असलं तर गप. अगदीच काही तर एखादा हलका क्लक, मर्मर. त्यानं बाजू दाखवली, पंखाचं टोक दिसलं, शेपूट दिसली, तेव्हा बोला. तिकडचे शिकारी हेच एका वाक्यात सांगतात की पंखाच्या टोकाशी अन् शेपटीशी बोलायचं, चोचीशी नाही. थवा गोल फिरत असला तर वळणावर बोला, म्हणजे तुमच्यापासून दूर जायला लागला त्या क्षणाला, अन् वळून परत तोंड केलं की लगेच आवाज खाली आणा. लांब असले, टिपके दिसायलेत, तर मोठे होंक, सावकाश, मधे जागा सोडून. जसजसे जवळ तसतसा आवाज लहान अन् आखूड. साफच निघाले तर कमबॅक, पण तो एकदाच जीव तोडून, दहा वेळा नाही. अन् पंख ताणून धरले, पाय खाली सोडले, की नळी तोंडातून काढा. खरंच काढा. ओठाला लागलेली असली की राहवत नाही.

अजून एक, थवा काय बोलतोय ते ऐका. बडबडा थवा असला तर त्याला बडबड चालते, त्याच्याच लयीत उत्तर द्या. मुकाट येणारे तीन-चार पाखरं असली तर एक-दोन क्लक पुष्कळ झाले. आपल्याकडं नाही का, पाहुणा गप्पिष्ट असला तर आपणही बोलतो, अन् अबोल असला तर चहा पुढं करून नुसतं बसायचं. सीझनच्या शेवटी तर पाखरांनी इतके कॉल ऐकलेले असतात की जास्त वाजवणारा रिकाम्या हातानंच घरी जातो.

मशीन का वापरत नाहीत असं भाच्यानं विचारलं, मोबाईलवर आवाज लावला की झालं. तिकडं कॅनडा गूजसाठी इलेक्ट्रॉनिक कॉलला साधारणपणे बंदी आहे, अन् स्नो गूज म्हणजे पांढऱ्या हंसांची संख्या फार वाढली म्हणून १९९९ पासून त्यांच्यासाठी वेगळ्या काळात सूट. पाळीव जिवंत हंस बांधून रानातल्यांना बोलवायची जुनी पद्धत होती, ती १९३५ लाच बंद केली. आपल्याकडं पिंजऱ्यातल्या तितरावर रानातला तितर बोलवायचे तसलीच ती. म्हणून तर तोंडानं वाजवायची ही कला टिकली. मेरीलँड राज्यात ईस्टन म्हणून गाव आहे, तिथं गूज कॉलिंगची जागतिक स्पर्धा भरते, लोक स्टेजवर उभे राहून नळी वाजवतात, समोर एक पण पाखरू नसतं. ते ऐकायला भारी असतं पण रानात तेवढं वाजवलं तर माझ्यासारखं होईल.

कान कुठं तयार होतो? माझा झाला रॉचेस्टरच्या सिल्व्हर लेकवर. गावात मधोमध तळं, पूर्वी तिथल्या वीजकेंद्राच्या गरम पाण्यामुळं हिवाळ्यात गोठायचं नाही, म्हणून हजारांनी गूज. ह्याच तळ्यावर १९६२ साली हॅरॉल्ड हॅन्सन नावाच्या शास्त्रज्ञानं पक्षी मोजले-तोलले, अन् वजन एवढं भरलं की आधी काट्यावरच शंका आली, मग कळलं की हा तर नामशेष झाला समजलेला जायंट कॅनडा गूज! मी ऑफिस सुटलं की तिथं बाकावर बसायचो, नळी खिशातच. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, रात्री हेडफोन लावून ऐकायचं, अन् एकेक आवाज वहीत लिहायचा: आवाज कसा, तेव्हा पाखरू काय करत होतं. नर-मादी एकमेकांसमोर मान लांब करून बोलतात तो वेगळा, कुत्रं दिसलं की मान उभी करून देतात तो वेगळा. हा दुसरा जर तुमच्या नळीतून चुकून निघाला तर थवा पळणारच, नकलीत दोष नसतो, शब्दच चुकीचा असतो.

हेच काम नाथसागरावर फुकटात करता येतं. जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ सालचं, हिवाळ्यात पट्टकदंब येतो, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राखाडी हंस. तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो, सात हजार मीटरच्या वर उडताना त्याची नोंद झालेली आहे. रात्री पिकात चरतो अन् दिवसा पाण्याकाठी आराम करतो, हरभरा-गहूवाल्यांना हे सांगायची गरज नाही. त्याचा आवाज नाकातला, 'आंग् आंग्', कॅनडा गूजसारखा दोन सुरात फुटत नाही. सकाळी उजाडायच्या आत फुगवट्याच्या काठाला, वारा तोंडावर घेऊन बसायचं म्हणजे आवाज तुमच्याकडं वाहतो. जवळ जायचं नाही, थवा माना उभ्या करून बघायला लागला की आपण जास्त जवळ आलो, मागं सरकायचं. भाच्याला मी तीन सकाळ नेला, नळी घरी ठेवून. पहिल्या दिवशी म्हणाला सगळे सारखेच ओरडायलेत. तिसऱ्या दिवशी डोळे मिटून सांगायला लागला, "मामा, आता उठणार बघ हे," अन् खरंच अर्ध्या मिनिटात थवा उठला. उडायच्या आधी त्यांची बडबड वाढत जाते, ती त्याला ऐकू आली. वाजवणं अजून त्याचं बेकारच आहे, पण कान आला.

देखभालीचं राहिलं. चहा पिऊन, गुळाचं काही खाऊन लगेच वाजवायचं नाही, गोड थुंकी रीडखाली चिकटते अन् ऐन वेळी नळी मुकी होते. गुटखावाल्यांनी तर हातच लावू नका, अगोदर चूळ भरा. रीड चिकटली तर नळी उघडून रीडच्या खालून कोरी नोट हळूच सरकवायची, तिकडं डॉलर वापरतात, आपली दहाची चालते, पण कडक पाहिजे, मळकी नाही. मिनेसोटाच्या थंडीत थुंकी गोठून रीड अडकायची म्हणून म्हातारा नळी शर्टाच्या आत अंगाला लावून ठेवायचा. आपल्याकडं उलटा त्रास, उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मायलर वाकडं होतं. खोलताना रीड इन्सर्टवर जिथं बसली आहे तिथं पेनानं बारीक रेघ मारून ठेवा. मी नाही मारली, अन् परत बसवताना केसभर पुढं सरकली तर तीन दिवस ब्रेकच येईना, मला वाटलं मीच विसरलो वाजवायचं.